सतरा ज्वेल आणि एक ज्यूल

इंग्रजीतून भौतिकशास्त्र शिकवणारी एखादी चित्रफीत पाहताना पडद्याच्या तळाशी आपोआप उमटणाऱ्या अक्षरांकडे लक्ष दिले, तर कधी कधी एक चमत्कारिक वाक्य वाचायला मिळते. शिक्षक सांगत असतात की ही वस्तू उचलण्यासाठी पन्नास ज्यूल ऊर्जा लागली, आणि खाली उमटते की पन्नास रत्ने लागली. यंत्राच्या कानाचा यात फारसा दोष नसतो. ऐकू आलेला ध्वनी इंग्रजीत खरोखरच दोन शब्दांचा असतो. एकाचे स्पेलिंग जे-ई-डब्ल्यू-ई-एल, म्हणजे ज्वेल, आणि त्याचा अर्थ रत्न किंवा दागिना. दुसऱ्याचे जे-ओ-यू-एल-ई, म्हणजे ज्यूल, आणि ते आहे ऊर्जेच्या मापनाचे एकक. यंत्राने त्यांपैकी रोजच्या वापरातला शब्द निवडलेला असतो, एवढेच.

मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकून अकरावीला विज्ञान शाखेत इंग्रजीशी अचानक गाठ पडलेल्या मुलांसाठी ही किरकोळ गोष्ट नाही. नववीच्या पुस्तकातील 'कार्य आणि ऊर्जा' या प्रकरणात त्यांना ज्यूल भेटलेला असतो, पण तो देवनागरीत आणि मराठी शिक्षकांच्या तोंडून. तोच शब्द परक्या उच्चारात ऐकला की मूल गोंधळते, आणि आपल्याला विज्ञान कळत नाही असा चुकीचा निष्कर्ष काढते. अडलेले असते ते फक्त कानाशी. म्हणून या दोन शब्दांची ओळख मुळापासून करून घेणे मला आवश्यक वाटते.

प्रथम उच्चाराचा विचार करू. दोन वेगळ्या शब्दांचे उच्चार एकमेकांना चिकटणे हे आपल्याला नवीन नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे दोरा, हे आपण शाळेत पाठ करतो, आणि बोलताना मात्र त्यांतील ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुतेकांच्या तोंडून निसटून जातो. ज्वेल आणि ज्यूल यांचेही तसेच आहे. काळजीपूर्वक इंग्रजी बोलणारा माणूस ज्वेल म्हणताना 'ज्यू'नंतर एक पुसट 'अ' उच्चारतो, त्यामुळे तो शब्द 'ज्यू-अल' असा दोन अवयवांचा होतो. ज्यूल मात्र एकाच अवयवाचा, आपल्या 'फूल' आणि 'मूल' यांच्याशी यमक जुळणारा आहे. घाईने बोलताना, विशेषतः अमेरिकी बोलण्यात, तो पुसट 'अ' गळून पडतो आणि दोन्ही शब्द एकच होऊन बसतात. आपल्याकडची स्थिती याच्या उलट आहे. गावोगावच्या पाट्यांवर 'ज्वेलर्स' वाचत मोठे झाल्यामुळे आपण 'वे' स्पष्ट उच्चारतो, आणि आपल्या तोंडी हे दोन शब्द कधीच एक होत नाहीत. म्हणूनच भारतीय शिक्षकांच्या वर्गात जो गोंधळ होत नाही, तो परदेशी व्याख्यान ऐकताना होतो.

देवनागरी लेखनाने तर हा भेद अधिकच स्वच्छ केला आहे, आणि त्यात मराठीच्या स्वभावाचाही एक भाग आहे. मराठीत 'ज' हे एकच अक्षर दोन ध्वनींचा भार वाहते. 'जून महिन्यात भेंडी जून झाली' हे वाक्य मोठ्याने वाचून पाहावे: महिन्याच्या नावातील 'ज' 'जीवन'मधल्यासारखा तालव्य आहे, तर भेंडीच्या 'जून'मधील 'ज' 'जुना' आणि 'जुळे' यांच्यातल्यासारखा दंततालव्य आहे. एककाचे नाव नुसते 'जूल' असे लिहिले असते, तर पुष्कळ मराठी वाचकांनी ते भेंडीच्या चालीवर वाचले असते. 'ज्यूल' असे लिहून 'ज'ला 'य' जोडला की उच्चाराची शंका उरत नाही. आपली पाठ्यपुस्तके हेच लेखन करतात, आणि ते योग्य आहे.

आता अर्थाकडे वळू, आणि जुन्या शब्दापासून सुरुवात करू. ज्वेल हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. बहुतेक कोशकार त्याचे मूळ लॅटिनमधील 'योकुस' या शब्दाकडे नेतात, ज्याचा अर्थ थट्टा, खेळ, करमणूक. इंग्रजीतील 'जोक' हा शब्दही तिथूनच आला, म्हणजे विनोद आणि रत्न हे इंग्रजीत दूरचे भाऊबंद ठरतात: ज्यामुळे मन रमते, ज्याने आनंद होतो, ती वस्तू म्हणजे ज्वेल. मराठी वाचकाला येथे 'जवाहीर' आठवणे स्वाभाविक आहे. जडजवाहीर, जव्हेरी, मुंबईचा झवेरी बाजार या सगळ्यांत तोच 'ज', तोच 'व' आणि तोच अर्थ दिसतो, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच मुळाचे असावेत असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. 'जवाहीर' हे अरबीतील 'जौहर' या शब्दाचे अनेकवचन आहे, आणि 'जौहर' हे फारसी 'गौहर'चे अरबी रूप. फ्रेंचमधून आलेल्या ज्वेलशी त्याचे काही नाते नाही. दोन भाषांच्या दोन वेगळ्या वाटा योगायोगाने एकाच पेढीवर येऊन थांबल्या आहेत.

ज्वेल या शब्दाचे मराठी भाषांतर करताना जरा जपावे लागते, कारण त्यात आपल्याकडच्या दोन वस्तू सामावलेल्या आहेत. सुटा खडाही ज्वेल आणि तो बसवलेला दागिनाही ज्वेल. मराठीत हे दोन वेगळे आहेत, आणि त्यांच्याशी संबंधित माणसेही वेगळी आहेत: सोने घडवतो तो सोनार, रत्नांची पारख आणि व्यापार करतो तो जव्हेरी, आणि सराफ हा तर मुळात नाणी पारखणारा व बदलून देणारा. पाटीवर 'सराफ व ज्वेलर्स' असे एका ओळीत लिहिले जाते, तेव्हा या सगळ्या परंपरा एका दुकानात आलेल्या असतात. याशिवाय ज्वेल हा शब्द लक्षणेनेही वापरला जातो, आणि त्या जागी आपले 'रत्न' अगदी चपखल बसते. ब्रिटिशांनी हिंदुस्थानला आपल्या साम्राज्याच्या मुकुटातील रत्न म्हटले, ते याच अर्थाने. आणि कोहिनूर हे तर केवळ लक्षणेने नव्हे, खरोखरच त्यांच्या राजमुकुटात जाऊन बसले.

कोहिनूरचा उल्लेख आलाच आहे, तर ज्वेलचा स्वभाव समजण्यासाठी तेथेच थोडे थांबणे उपयोगाचे आहे. लंडनला नेल्यावर १८५२ मध्ये तो हिरा नव्याने पैलू पाडण्यासाठी दिला गेला, आणि सुमारे १८६ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटचा झाला. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. वजन जवळजवळ निम्म्याने घटले, तरी तो खडा कोहिनूरच राहिला, कारण त्याची ओळख वजनात नव्हती. ती त्याच्या इतिहासात आणि त्याच्यासारखा दुसरा नसण्यात होती. रत्नाचे वजन करता येते, पण रत्न हे कशाचे माप नाही. (सोन्याच्या संदर्भात आपण म्हणतो तो कॅरट वेगळा. तेथे २४ भागांपैकी किती भाग शुद्ध सोने आहे हे सांगितलेले असते, म्हणून २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा दिसतो. तो वजनाचा कॅरट नव्हे. एकाच पेढीवर एकच शब्द दोन अर्थांनी फिरतो, आणि गिऱ्हाइकाला ते सहसा कोणी सांगत नाही.)

ज्यूलची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. तो शब्द कोणत्याही भाषेत हळूहळू घडलेला नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड येथे झाला. घरचा धंदा बिअर गाळण्याचा होता. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. लहानपणी अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन यांच्याकडे त्यांची शिकवणी होती, आणि पुढचे बहुतेक संशोधन त्यांनी घरच्या पैशाने व घरच्याच प्रयोगशाळेत केले. बिअरच्या धंद्यात तापमान अचूक राखावे लागते. ज्यूल यांनी तापमापक वाचण्यात जी विलक्षण बारकाई मिळवली, तिच्यामागे हा धंदाही असावा असे मला वाटते.

त्या काळी उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित प्रवाही पदार्थ आहे असे पुष्कळ विद्वान मानत. त्याला 'कॅलॉरिक' म्हणत, आणि अन्नाच्या वेष्टनावर आपण आज वाचतो तो 'कॅलरी' हा शब्द त्याच घराण्यातला. गरम वस्तूतून थंड वस्तूत हा पदार्थ वाहत जातो, तो निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, अशी समजूत होती. तारेतून वीज वाहिली की तार का तापते आणि किती तापते, हे ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास मोजले. विद्युतधारा दुप्पट केली की उष्णता चौपट होते, हा नियम त्यांना सापडला. आपली इस्त्री आणि गिझर त्याच नियमावर चालतात. पण मोजता मोजता त्यांना मोठा प्रश्न पडला. ही उष्णता कोठून तरी वाहत आली, की येथेच तयार झाली?

उत्तरासाठी त्यांनी जे उपकरण वापरले ते समजायला सोपे आहे. पाण्याने भरलेल्या भांड्यात एक रवीसारखे पंख असलेले चक्र असते. चक्राच्या दांड्याला दोरी गुंडाळलेली, दोरी कप्प्यांवरून गेलेली आणि तिच्या टोकांना वजने बांधलेली. वजने खाली येऊ लागली की चक्र फिरते, पाणी घुसळले जाते आणि घर्षणाने किंचित तापते. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तळघरात केलेल्या त्यांच्या प्रयोगात प्रत्येकी सुमारे १३ किलोची दोन शिशाची वजने होती, ती दर खेपेस सुमारे १.६ मीटर खाली येत, आणि असे वीस वेळा करावे लागे. एवढ्या खटाटोपानंतर सुमारे सहा लिटर पाण्याचे तापमान किती वाढे? सेल्सियसच्या अवघ्या एक तृतीयांश अंशाच्या आसपास. हाताला तर ते कळणेच शक्य नाही. खोलीच्या हवेमुळे, माणसाच्या अंगाच्या उबेमुळे होणारा फरक वजा करून त्यांनी ती वाढ मोजली, आणि एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवण्यासाठी ७७२ फूट-पौंड कार्य करावे लागते (एक पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक फूट-पौंड), असा आकडा दिला. आजचा मान्य आकडा सुमारे ७७८ आहे. म्हणजे तळघरातल्या त्या घुसळणीत एक टक्क्याहून कमी चूक होती.

माझ्या मते या गोष्टीतला खरा गाभा त्या अचूकतेत नाही. ज्यूल यांनी हा आकडा वेगवेगळ्या वाटांनी काढून पाहिला होता. १८४३ मध्ये चुंबकाजवळ फिरणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून वीज निर्माण करून त्यांनी मोजमाप केले, तेव्हा ८३८ हा आकडा आला. बारीक नळ्यांतून पाणी दाबून नेले, तेव्हा ७७० आला. हवा दाबूनही त्यांनी पाहिले. सुरुवातीचे आकडे तंतोतंत जुळत नव्हते, पण ते एकमेकांच्या आसपासच फिरत होते. वीज असो, घर्षण असो वा दाब असो, तेवढ्या कार्याला तेवढीच उष्णता मिळते, हे त्यांतून दिसत होते. उष्णता हा वेगळा पदार्थ नाही. पडणाऱ्या वजनाची ऊर्जा आणि तापलेल्या पाण्याची ऊर्जा ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, असा त्याचा अर्थ होता. जर्मनीतील वैद्य युलियस रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता, आणि श्रेय कोणाचे यावर पुढे बराच वादही झाला. मोजमापाचे काम मात्र ज्यूल यांनीच तडीस नेले.

विद्वानांनी आरंभी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८४७ मध्ये ऑक्सफर्डला भरलेल्या, ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सभेत विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले तरुण शास्त्रज्ञ, त्यांचे बोलणे ऐकून चकित झाले. त्याच वर्षी ज्यूल यांचे लग्न झाले. आल्प्समध्ये शामोनीच्या परिसरात हे नवविवाहित दांपत्य थॉमसन यांना वाटेत भेटले, तेव्हा ज्यूल यांच्याजवळ तापमापक होता आणि धबधब्याच्या माथ्यावरचे व पायथ्याचे पाणी यांच्या तापमानातला फरक मोजण्याचा त्यांचा बेत होता, अशी आठवण थॉमसन यांनी पुढे सांगितली आहे. कल्पना अगदी शास्त्रशुद्ध होती. नायगाराचे पाणी १६० फूट कोसळल्यामुळे फॅरनहाइटच्या सुमारे एक पंचमांश अंशाने तापावे, असे ज्यूल यांनी आधीच लिहिले होते. आपल्या ओळखीचा गिरसप्पाचा धबधबा घ्या. त्याची उंची सुमारे २५३ मीटर. एक किलो पाणी तेवढे खाली आले की सुमारे २,४८० ज्यूल मोकळे होतात, आणि एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. म्हणजे पायथ्याचे पाणी सुमारे ०.६ अंशाने उबदार असायला हवे. प्रत्यक्षात तुषार उडतात, वाटेत बाष्पीभवन होते, हवा आपला परिणाम करते, आणि हा फरक त्यात हरवून जातो.

एककाला त्यांचे नाव देण्याची सूचना विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून केली. १८८९ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ते स्वीकारले, आणि त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला ज्यूल यांचे निधन झाले. सेल येथील त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. आयुष्यभर ज्या आकड्याचा पाठपुरावा केला, तो माणसाच्या नावासोबत दगडावर यावा, याहून समर्पक स्मारक मला सुचत नाही.

मग एक ज्यूल म्हणजे नेमके किती? व्याख्या अशी: एक न्यूटन बल लावून वस्तू बलाच्या दिशेने एक मीटर सरकवली, तर एक ज्यूल कार्य होते. घरगुती भाषेत, शंभर ग्रॅमचा चहापुडीचा पुडा जमिनीवरून एक मीटर उंचीच्या फळीवर ठेवला, की जवळजवळ एक ज्यूल खर्च होतो. एकक इतके लहान असल्यामुळे व्यवहारात आकडे चटकन हजारांत आणि लाखांत जातात. वीजबिलातील एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. पंधरा लिटरच्या गिझरमधील पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे १९ लाख ज्यूल लागतात, म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक. आता दुसरे उदाहरण पाहू. साठ किलो वजनाचा माणूस सिंहगडासारखा सुमारे ६०० मीटरांचा चढ चढून गेला, तर त्याने स्वतःचे शरीर वर उचलण्यासाठी केलेले कार्य सुमारे साडेतीन लाख ज्यूल भरते. धाप लागते, पाय भरून येतात, घामाने अंग निथळते, आणि हिशेब केला तर ते वीजबिलातील एक दशांश युनिट असते. ज्यूल या एककाचे महत्त्व मला अशा तुलनेतच सर्वांत जास्त जाणवते: गड चढणे, पाणी तापवणे आणि दिवा जळणे या तीन गोष्टी एका पट्टीवर ठेवता येतात.

अन्नाच्या बाबतीतही तेच. वेष्टनावर छापलेली एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल. दिवसाला २,००० किलोकॅलरी खाणारा माणूस सुमारे ८४ लाख ज्यूल घेतो. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले तर सेकंदाला ९७ ज्यूल येतात, आणि सेकंदाला एक ज्यूल या वेगालाच वॅट म्हणतात. म्हणजे आपण प्रत्येक जण जुन्या शंभर वॅटच्या दिव्याएवढ्याच दराने ऊर्जा वापरत असतो.

ज्वेल आणि ज्यूल यांच्यातला फरक येथे हाताला लागतो. रत्नाची किंमत त्याच्यासारखे दुसरे नसण्यात असते. ज्यूलचा सारा उपयोग मात्र एक ज्यूल दुसऱ्यासारखा तंतोतंत असण्यात आहे. भाकरीतला ज्यूल, पेट्रोलमधला ज्यूल आणि धबधब्यातला ज्यूल यांत काडीचाही फरक नाही, आणि नेमके हेच सिद्ध करण्यासाठी त्या गृहस्थांनी तळघरात पाणी घुसळले. ज्वेलला रंग असतो, पैलू असतात, मालक असतो. ज्यूलला यांपैकी काही नाही. त्याच्याआधी आकडा मात्र लागतोच. इंग्रजी ऐकताना संभ्रम पडला, तर शब्दाच्या आधी किलो किंवा मेगा आहे का ते पाहावे, कारण किलोज्यूल असतो, किलोज्वेल असू शकत नाही. त्याच्यानंतर 'दर सेकंदाला', 'दर किलोला' असे काही येत असेल, तरीही तो ज्यूलच. लिहिताना एक बारकावा पाळावा: माणसाचे आडनाव म्हणून लिहिताना रोमन लिपीत पहिले अक्षर मोठे येते, एककाचे पूर्ण नाव लिहिताना ते लहान येते, आणि एककाचे चिन्ह मात्र मोठे 'जे' असते, कारण ते व्यक्तीच्या नावावरून घेतलेले आहे.

इंग्रजीत या सारखेपणावर एक सुंदर श्लेषही केलेला आहे. विजेरीतला सेल दमला की आपण तो फेकून देतो, पण त्यात थोडी ऊर्जा उरलेली असते. त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) मात्र इतका कमी असतो की तीन व्होल्टच्या आसपास मागणारा पांढरा एलईडी दिवा त्यावर लागत नाही. एक ट्रान्झिस्टर, एक रोध (रेझिस्टर) आणि फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या तारेची दोन वेटोळी एवढ्या साहित्यात एक छोटे मंडल (सर्किट) तयार होते, जे सेलचा उरलासुरला दाब झटक्याझटक्याने वाढवून तो दिवा लावते. या मंडलाला इंग्रजीत 'ज्यूल थीफ' म्हणतात, म्हणजे ज्यूलचोर. कानाला ते रत्नचोर असे ऐकू येते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे मंडल करून पाहण्यासारखे आहे, आणि नावातली गंमत मुलांना समजावून सांगितली तर दोन्ही शब्दांची स्पेलिंगे त्यांच्या कायमची लक्षात राहतील.

परंतु या दोघांची प्रत्यक्ष भेट पाहायची असेल, तर घरातले चावीचे जुने घड्याळ काढावे. एचएमटीच्या अनेक मनगटी घड्याळांच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' असे शब्द छापलेले असत, आणि आत कुठे तरी सतरा मौल्यवान रत्ने दडलेली आहेत अशी पुष्कळांची समजूत होती. ती निम्मी खरी आहे. आत माणकेच असतात, पण ती कारखान्यात तयार केलेली. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ओग्यूस्त व्हर्नेय यांनी १९०२ मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड, थोडे क्रोमियम मिसळून, हायड्रोजन व ऑक्सिजनच्या ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली, आणि तेव्हापासून घड्याळातला ज्वेल स्वस्त झाला. रासायनिक दृष्टीने तो खाणीतल्या माणकासारखाच असतो. त्याला सराफाकडे किंमत येत नाही, एवढेच.

तो तेथे शोभेसाठी नसतो. घड्याळातली चक्रे बारीक पोलादी आसांवर फिरतात, आणि आसाची टोके धातूच्या भोकात फिरली तर घर्षण होते, भोक झिजते, तेल लवकर सुकते. माणिक कुरुंद वर्गातले खनिज आहे; काठिण्याच्या मोह्स श्रेणीत त्याचा क्रमांक नऊ, हिऱ्याच्या खालोखाल. त्याला पाडलेल्या गुळगुळीत भोकात आस अगदी अल्प घर्षणाने फिरतो. ही युक्ती जुनी आहे: स्विस गणितज्ञ निकोला फातिओ यांनी डेबोफ्र बंधूंसोबत १७०४ मध्ये लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले होते. सतरा हा आकडाही मनमानी नाही. सतत डोलणाऱ्या बॅलन्स चक्राच्या दोन टोकांना भोकाचे दोन आणि झाकणाचे दोन, त्याला धक्का घेणारा एक, धक्का देणाऱ्या पॅलेट नावाच्या तरफेला दोन, पॅलेटच्या आसाला दोन, आणि पुढच्या चार चक्रांच्या आसांना प्रत्येकी दोन मिळून आठ, बेरीज सतरा.

आता त्या घर्षणाचे काय होत होते ते आठवा. सकाळी चावी देताना बोटांनी केलेले कार्य स्प्रिंगमध्ये साठते, आणि ती फारच थोडी ऊर्जा दिवसभर पुरवायची असते. घर्षणात जाणारा प्रत्येक अंश, पाणी घुसळताना झाला तसाच, उष्णता होऊन निघून जातो आणि काटे फिरवायला परत मिळत नाही. माणकाचे भोक ते घर्षण कमी करते. सतरा ज्वेल तेथे बसवलेले असतात ते ज्यूल वाचवण्यासाठी.

अशीच आणखी एक भेट १६ मे १९६० रोजी अमेरिकेत झाली. थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या एका छोट्याशा कांडीवर झगझगीत दिव्याचा प्रकाश पाडून जगातील पहिला लेसर चालवला. माणकातील क्रोमियमचे अणू तो प्रकाश शोषून घेतात आणि ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या गडद लाल किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात. माणकाचे लेसर पुढे त्वचेवरील गोंदण आणि काही डाग काढण्यासाठीही वापरले गेले. त्या उपचारात एका ज्वेलमधून निघालेला हा प्रकाश रुग्णाला किती द्यायचा, हे डॉक्टर यंत्रावर ठरवून देतात, आणि ते दर चौरस सेंटिमीटरला इतके ज्यूल असे लिहिलेले असते.